चित्तप्रसाद भट्टाचार्य

चित्तप्रसाद भट्टाचार्य (जन्म : नैहाटी, बंगाल, १९१५, मृत्यू : कोलकाता, नोव्हेंबर १९७८) हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य भारतीय मुद्राचित्रकार व रेखाचित्रकार होते. लाकडी ठसा (वुडकट) आणि लिनोलियमचा ठसा (लिनोकट) ही त्यांची प्रमुख माध्यमे होत. १९४३च्या बंगालमधील दुष्काळाची त्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन काढलेली रेखाचित्रे आणि त्यांवर आधारलेले 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक यांमुळे ते विशेष ओळखले जातात. जन्माने बंगाली असले तरी १९४६ पासून पुढील सुमारे तीन दशके त्यांचे वास्तव्य मुंबईत होते. त्यांची बहुतेक महत्त्वाची ठसाचित्रे अंधेरी येथील एका लहानशा घरात कोरली व छापली गेली. भट्टाचार्य हे आडनाव जातिवाचक असल्याने त्यांनी ते सोडून दिले होते. कलाजगतात ते केवळ चित्तप्रसाद याच नावाने परिचित आहेत.

बालपण आणि चितगाव

चित्तप्रसाद यांचा जन्म हुगळी नदीकाठच्या नैहाटी या गावी झाला. त्यांचे तारुण्य मात्र पूर्व बंगालमधील चितगाव (आता बांगलादेशात) येथे गेले. चितगावच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. त्या काळातील चितगाव हे क्रांतिकारकांचे शहर होते. १८ एप्रिल १९३० रोजी सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखाली तेथील शस्त्रागारावर हल्ला झाला होता आणि जानेवारी १९३४ मध्ये सूर्य सेन यांना फाशी देण्यात आले. त्यानंतरच्या दडपशाहीच्या वर्षांत महाविद्यालयीन तरुणांचा मोठा वर्ग डाव्या विचारांकडे वळला. चित्तप्रसाद हे त्यांपैकीच एक होते. वसाहतवादी सत्ता आणि जमीनदारी या दोहोंविरुद्धच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि पुढे ते कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

जातिव्यवस्थेला असलेला त्यांचा विरोध तात्त्विक पातळीवरच राहिला नाही. ब्राह्मण कुटुंबात जन्म होऊनही त्यांनी जानवे आणि आडनाव या दोन्ही गोष्टींचा त्याग केला. पुढील आयुष्यात त्यांच्या चित्रांवर केवळ चित्तप्रसाद एवढीच नाममुद्रा आढळते.

कलाशिक्षण

चित्तप्रसाद यांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले नाही. ते स्वयंशिक्षित होते. त्यांच्या समकालीन मुद्राचित्रकारांच्या तुलनेत ही बाब लक्षणीय ठरते, कारण भारतात ठसाचित्राची आधुनिक कला मुख्यतः कलाशाळांमधूनच पसरली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९२०च्या दशकाच्या आरंभी आंद्रे कार्पेलेस या फ्रेंच चित्रकर्तीने लाकडी ठशाचे तंत्र विद्यार्थ्यांना शिकवले. नंदलाल बोस यांनी ते माध्यम आपलेसे केले. दांडीयात्रेतील महात्मा गांधींचे त्यांनी १९३० साली केलेले लिनोकट सर्वश्रुत आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'सहज पाठ' या बालपाठ्यपुस्तकासाठीही त्यांनी लिनोकट चित्रे केली. कलाभवनात शिकलेले रमेंद्रनाथ चक्रवर्ती यांनी पुढे कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत हे माध्यम रुजवले आणि तेथून हरेन दास व सफिउद्दीन अहमद यांसारखे कसबी मुद्राचित्रकार घडले.

या परंपरेतील विद्यार्थ्याला ठसा कोरण्याचे पाठ क्रमाने मिळत असत. लाकडाची निवड, पृष्ठभाग घासून सपाट करणे, कोरणीला धार लावणे, चित्र उलटे उतरवणे, शाईचा थर समान राखणे आणि प्रतींवर क्रमांक घालणे अशी ही शिस्त होती. चित्तप्रसाद यांना ती कलाशाळेत मिळाली नाही. पक्षासाठी भित्तिपत्रके, व्यंगचित्रे आणि साप्ताहिकांतील चित्रे तयार करीत असतानाच त्यांचा हात तयार झाला. वेळेत काम पूर्ण करणे, स्वस्त साधने वापरणे आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्राचा अर्थ कळणे या त्यांच्या शिक्षणाच्या अटी होत्या. बंगालमधील लोककलेचा, विशेषतः पटचित्रे, मातीची खेळणी आणि बाहुल्या यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या उत्तरकालीन ठसाचित्रांतील गोलसर, ठाशीव आकृती आणि नक्षीदार पार्श्वभूमी यांचे मूळ त्या अभ्यासात आहे.

माध्यमाचे स्वरूप

लाकडी ठशात जो भाग पांढरा राहायला हवा तो कोरून काढला जातो. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावून त्यावर कागद ठेवला जातो व दाब दिला जातो. छापयंत्र उपलब्ध नसेल तर चमच्याच्या पाठीने कागद घासूनही प्रत काढता येते. ठशावरील चित्र कागदावर उलटे उमटत असल्याने डावी-उजवी बाजू आणि अक्षरे यांचा विचार आधीच करावा लागतो. एकदा कोरला गेलेला भाग पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे या माध्यमात दुरुस्तीला फारसा वाव नसतो.

लिनोलियम हे जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि तागाचे कापड यांपासून बनवलेले आच्छादन मूळचे जमिनीवर अंथरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तयार झाले. लाकडाप्रमाणे त्याला शिरा नसतात आणि ते मऊ असते. त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेने सहज फिरते आणि मोठे काळे-पांढरे आकार लवकर साधतात. लाकूड व लिनोलियम या दोन्ही ठशांचा आणखी एक गुण चळवळीच्या दृष्टीने मोलाचा होता. ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्या उंचीचा केला की तो मजकुराबरोबर त्याच छापयंत्रावर चढवता येतो. चित्रासाठी वेगळ्या यंत्राची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात चित्रांच्या छपाईची परंपरा जुनी असली तरी तिचा मार्ग निराळा होता. पुण्याची चित्रशाळा (स्थापना १८७८) आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना यांनी शिळाछापाच्या तंत्राने देवदेवता व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचवली. त्या चित्रांना मोठे छापखाने, कुशल कारागीर आणि भांडवल लागत असे. एकट्या माणसाने खोलीत बसून कोरावे, छापावे आणि वाटावे ही शक्यता ठसाचित्राने दिली. चित्तप्रसाद यांच्या माध्यमनिवडीमागे हेच कारण होते. मूळ चित्र एकच असते व ते एकाच्याच मालकीचे होते, ठसाचित्राची प्रत्येक प्रत मात्र मूळच असते, हा विचार त्यांच्या राजकीय भूमिकेशी जुळणारा होता.

याच सुमारास जगात इतरत्रही हे माध्यम अशाच हेतूने वापरले जात होते. जर्मनीत केथे कोलवित्झ यांनी युद्ध, भूक आणि मातृशोक यांची ठसाचित्रे केली. चीनमध्ये लेखक लू शुन यांनी ऑगस्ट १९३१ मध्ये शांघाय येथे तरुण चित्रकारांसाठी लाकडी ठशाचा वर्ग भरवला आणि त्यातून तेथील आधुनिक ठसाचित्र चळवळ उभी राहिली. जपानविरोधी युद्धाच्या काळातील चिनी ठसाचित्रे भारतातील डाव्या कलावंतांपर्यंतही पोहोचली होती.

१९४३चा दुष्काळ आणि 'हंग्री बेंगॉल'

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारी भागातील होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. त्यामुळे मासेमारी व धान्याची वाहतूक दोन्ही कोलमडली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाचा जबर तडाखा बसला व उभी पिके वाहून गेली. लष्करासाठी झालेली खरेदी, साठेबाजी आणि भाववाढ यांची त्यात भर पडली. १९४३ मध्ये भडकलेल्या दुष्काळात व त्यापाठोपाठच्या साथींत सुमारे तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज केला जातो.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्याचा दौरा केला. गावोगाव हिंडून त्यांनी शाई व कुंचल्याने रेखाचित्रे काढली आणि पाहिलेल्या गोष्टींची टिपणे केली. या रेखाचित्रांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील माणसे ही केवळ दुष्काळग्रस्तांची प्रातिनिधिक रूपे नाहीत. अनेक चित्रांवर त्या व्यक्तीचे नाव, गाव आणि तिच्यावर ओढवलेली परिस्थिती यांची नोंद आहे. जमीन विकलेला शेतकरी, होडी गमावलेला कोळी, घरातील सर्व माणसे गेलेली स्त्री अशी प्रत्येकाची ओळख चित्रासोबत नोंदवली गेली. दुष्काळाच्या बातम्यांवर युद्धकालीन नियंत्रण असताना या नोंदींना साक्षीचे मोल प्राप्त झाले.

या दौऱ्यावर आधारलेले 'हंग्री बेंगॉल' हे सचित्र इंग्रजी पुस्तक लगेचच प्रकाशित झाले. ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घालून सुमारे पाच हजार प्रती जप्त केल्या व जाळून टाकल्या. पुस्तक जवळजवळ नामशेष झाले. चित्रकाराच्या कुटुंबीयांनी बँकेच्या तिजोरीत जपून ठेवलेली एक प्रत तेवढी टिकली. २०११ मध्ये तिच्यावरून हुबेहूब पुनर्मुद्रण करण्यात आले आणि सात दशकांनंतर हे पुस्तक पुन्हा वाचकांसमोर आले.

दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद एकटे नव्हते. झैनुल आबेदिन यांनी कोलकात्याच्या रस्त्यांवरील मृत्यू चित्रित केला, तर सुनील जाना यांनी छायाचित्रांतून तो जगासमोर आणला. चित्तप्रसाद यांचे काम दोन बाबतींत वेगळे ठरते. त्यांनी शहराकडे आलेल्या निर्वासितांपेक्षा दुष्काळाच्या उगमस्थानाकडे, म्हणजे खेड्यांकडे लक्ष दिले, आणि चित्राला शब्दांची जोड देऊन भुकेमागील कारणांचा शोध घेतला.

सोमनाथ होर यांच्यावरील प्रभाव

चितगाव जिल्ह्यातच जन्मलेले सोमनाथ होर (१९२१–२००६) हे पुढे भारतातील अत्यंत प्रतिष्ठित मुद्राचित्रकार व शिल्पकार झाले. तरुण होर यांना दुष्काळग्रस्तांची रेखाचित्रे काढण्यास चित्तप्रसाद यांनीच प्रवृत्त केले. रस्त्यावर, रुग्णालयात, माणसासमोर बसून कसे रेखाटावे याचा पहिला पाठ होर यांना त्यांच्याकडून मिळाला. त्यानंतर होर यांनी कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला व तेथे लाकडावरील कोरीव कामाचे रीतसर शिक्षण घेतले. १९४६ मध्ये उत्तर बंगालमधील तेभागा शेतकरी आंदोलनाची त्यांनी केलेली रेखाचित्रे व लाकडी ठशाची चित्रे प्रसिद्ध आहेत. कलाशाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या एका चित्रकाराने अशा प्रकारे पुढच्या पिढीतील एका विद्यार्थ्याला कलाशाळेच्या वाटेवर आणले.

मुंबईतील वास्तव्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कम्युनिस्ट पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत गिरगावानजीक सँडहर्स्ट रोडवर होते. सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी लेखक, गायक, नट, छायाचित्रकार व चित्रकार यांना पक्षकार्यात मानाचे स्थान दिले होते. कार्यकर्ते एकत्र राहत व एकत्र जेवत. २५ मे १९४३ रोजी मुंबईतच भारतीय जननाट्य संघाची (इप्टा) स्थापना झाली. नगारा वाजवणाऱ्या माणसाचे या संस्थेचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी तयार केले व ते आजही वापरात आहे. याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक मुंबईच्या गिरणगावात लोकनाट्ये व पोवाडे सादर करीत होते. कला ही कामकऱ्यांच्या वस्तीपर्यंत गेली पाहिजे, हा विचार या सर्वांत समान होता.

१९४६ मध्ये चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. त्या वर्षी फेब्रुवारीत 'तलवार' या नाविक तळावरून सुरू झालेला नौसैनिकांचा उठाव आणि त्याला मुंबईच्या कामगारांनी दिलेला पाठिंबा यांचे त्यांनी चित्रण केले. संप, मोर्चे, शेतकरी आंदोलने व जातीय सलोखा या विषयांवर त्यांनी भित्तिपत्रके व व्यंगचित्रे केली. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढाही त्यांच्या चित्रांचा विषय झाला. या काळातील चित्रांत काळ्या रंगाचे मोठे पुंज, तिरक्या रेषा आणि कागदाबाहेर झेपावणाऱ्या आकृती आढळतात.

पक्षापासून फारकत

फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलकाता येथे भरलेल्या पक्षाच्या दुसऱ्या अधिवेशनात जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले व पक्षाने सशस्त्र उठावाचे धोरण स्वीकारले. जोशी यांच्या काळात कलावंतांना मिळालेला आधार त्यानंतर उरला नाही. चित्तप्रसाद १९४०च्या दशकाच्या अखेरीस पक्षकार्यापासून दूर झाले.

या फारकतीचे परिणाम दूरगामी होते. पक्ष हाच त्यांचा प्रकाशक, वितरक आणि उदरनिर्वाहाचा आधार होता. भित्तिपत्रकांची मागणी थांबली. दुसरीकडे, स्वातंत्र्यानंतर मुंबईत आकाराला येत असलेल्या आधुनिक कलेच्या वर्तुळाशी त्यांचे नाते जुळले नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील चित्रकार तैलरंग, कलादालने व संग्राहक यांच्या आधारे पुढे जात असताना चित्तप्रसाद लहान आकाराच्या काळ्या-पांढऱ्या ठसाचित्रांवरच स्थिर राहिले. ठसाचित्राच्या प्रती अनेक असल्याने त्यांना फारशी किंमत येत नसे. पक्ष सोडला तरी विचार सोडला नाही आणि कलाबाजाराकडेही वळले नाहीत, या दुहेरी निवडीची किंमत त्यांना दीर्घकालीन दारिद्र्याच्या रूपाने मोजावी लागली.

अंधेरीतील कार्य

अंधेरीतील रुबी टेरेस येथील लहान जागेत चित्तप्रसाद दीर्घकाळ एकटे राहिले. तीच त्यांची कार्यशाळा होती. या काळात त्यांच्या चित्रांचा सूर बदलला. १९४०च्या दशकातील संतापाची जागा माणसाच्या रोजच्या जगण्याविषयीच्या आस्थेने घेतली. नांगरणी व कापणी करणारे शेतकरी, मासेमार, बाळाला जवळ घेतलेल्या माता, प्रेमिक, वाद्ये वाजवणारे लोक, पशुपक्षी व झाडे हे विषय वारंवार येऊ लागले. जागतिक शांतता हाही त्यांच्या आस्थेचा विषय होता.

या ठसाचित्रांची रचना साधी भासली तरी ती काटेकोर आहे. आकृतीची बाह्यरेषा जाड व अखंड असते. अंगावरील वस्त्र, झाडाची पाने, पाण्याच्या लाटा यांसाठी कोरणीच्या वेगवेगळ्या खुणा वापरलेल्या असतात. रिकामी जागा फार थोडी ठेवलेली असते. प्रकाश आणि छाया यांच्या मधल्या छटा काळ्या-पांढऱ्या रेषांच्या दाट-विरळ मांडणीतून निर्माण होतात. काही ठशांत त्यांनी रंगही वापरले.

मुलांसाठी केलेले काम

चित्तप्रसाद यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम मुलांशी निगडित आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कष्टकरी व बेघर मुलांवर लिनोकट चित्रांची एक मालिका केली. 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स' (परीकथा नसलेले देवदूत) हे तिचे शीर्षक. शाळेत असायच्या वयात ओझी वाहणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, रस्त्यावर झोपणारी मुले या मालिकेत येतात. चेहऱ्यावर दीनवाणेपणा न दाखवता कामात गुंतलेले मूल दाखवल्यामुळे या चित्रांचा परिणाम अधिक खोल होतो. १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने ही मालिका प्रकाशित केली. दुष्काळात ज्या नजरेने त्यांनी मेदिनीपूरच्या माणसांकडे पाहिले होते, त्याच नजरेने ते आता मुंबईच्या मुलांकडे पाहत होते.

मुलांना वाचण्यासाठी त्यांनी बंगालमधील लोककथा पुन्हा सांगितल्या व त्यांना ठसाचित्रांची जोड दिली. रामायणातील प्रसंगांवरही त्यांनी लिनोकट चित्रे केली. त्यांतील पात्रे राजवाड्यातील असली तरी त्यांची शरीरयष्टी, बसण्या-उठण्याची ढब व भोवतालची झाडेझुडपे बंगालच्या खेड्यातील आहेत.

१९५०च्या दशकात मुंबईत कार्यरत असलेले फ्रांतिशेक सालाबा हे चेक गृहस्थ त्यांचे स्नेही झाले. सालाबा हे स्वतः कळसूत्री बाहुल्यांचे जाणकार होते. चेकोस्लोव्हाकियात बाहुलीनाट्याची मोठी परंपरा असल्याने चित्तप्रसाद यांना त्यांच्याकडून या कलेची प्रत्यक्ष ओळख झाली. त्यातून त्यांनी 'खेलाघर' हे आपले बाहुलीनाट्य उभे केले. बाहुल्यांची निर्मिती, कपडे, पडदे, संहिता व गाणी ही सर्व कामे ते स्वतः करीत. परिसरातील गरीब वस्तीतील मुले हा त्यांचा प्रेक्षक होता. त्यांच्या सर्व माध्यमांत बाहुलीनाट्य हेच असे होते की, ज्यात चित्र व प्रेक्षक यांच्यामध्ये छापखाना, प्रकाशक किंवा सरकार यांपैकी कोणीही उभे नव्हते.

परदेशातील ओळख

स्वदेशात फारशी दखल घेतली जात नसताना चित्तप्रसाद यांच्या ठसाचित्रांना चेकोस्लोव्हाकियात रसिक लाभले. सालाबा यांच्यासारख्या स्नेह्यांमुळे त्यांची चित्रे प्रागला पोहोचली व तेथील राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात समाविष्ट झाली. १९७२ मध्ये चेक दिग्दर्शक पावेल होब्ल यांनी त्यांच्यावर 'कन्फेशन' हा माहितीपट तयार केला. अंधेरीतील घर, कोरणीचे काम आणि बाहुल्या यांचे दर्शन घडवणारा हा माहितीपट त्यांच्या जीवनाचा महत्त्वाचा दृश्य दस्तऐवज आहे.

अखेरची वर्षे

१९७०च्या दशकात त्यांची प्रकृती ढासळली. एकाकीपणा, आर्थिक चणचण व आजार यांमुळे मुंबईत राहणे अशक्य झाल्यावर ते बंगालला परतले. नोव्हेंबर १९७८ मध्ये कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाचे व्यापक सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भारतात भरले नाही.

मूल्यमापन आणि वारसा

चित्तप्रसाद यांच्या कामाचे दोन कालखंड मानले जातात. पहिल्या कालखंडात (सुमारे १९४३ ते १९४८) चित्र हे साक्ष व आवाहन आहे. दुसऱ्या कालखंडात ते सहवासाचे व आस्थेचे साधन होते. अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या कालखंडाकडे गेले असले तरी मुद्राचित्रकार म्हणून त्यांचे प्रभुत्व दुसऱ्या कालखंडात अधिक स्पष्ट दिसते. दुष्काळाची रेखाचित्रे शाई व कुंचल्याची असून ठसाचित्रातील त्यांची स्वतंत्र शैली अंधेरीतील एकांतात घडली.

त्यांच्या कलेवर प्रचारकी असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे. भित्तिपत्रकांतील काही चित्रांत शत्रू-मित्रांची ठोकळेबाज मांडणी आढळते हे खरे आहे. मात्र 'हंग्री बेंगॉल'मधील माणसे नाव-गावासह समोर येत असल्यामुळे ती प्रचाराच्या चौकटीत मावत नाहीत. पक्ष सोडल्यानंतरही कष्टकरी माणूस हाच त्यांचा विषय राहिला, यावरून त्या विषयाची निवड पक्षादेशावर अवलंबून नव्हती असे दिसून येते.

मृत्यूनंतर अनेक वर्षांनी त्यांच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन सुरू झाले. २०११ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकी प्रदर्शन भरवले आणि त्यांच्या चित्रांचे व लेखनाचे खंड प्रकाशित केले. २०१७ मध्ये 'डॉक्युमेंटा १४' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांच्या कामाचा समावेश झाला. एके काळी अल्प किमतीतही ग्राहक न मिळालेली त्यांची ठसाचित्रे आता संग्रहालये व खाजगी संग्राहक यांच्याकडे आहेत.

ठसाचित्र शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चित्तप्रसाद यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. छापयंत्र, महागडा कागद व सुसज्ज कार्यशाळा यांच्याविना लिनोलियमचा तुकडा, दोन-तीन कोरण्या, रूळ आणि काळी शाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी आपले बहुतांश काम उभे केले. एका ठशाच्या अनेक प्रती निघतात, हा या माध्यमाचा गुणधर्म त्यांच्या चरित्रातही निर्णायक ठरला. 'हंग्री बेंगॉल'च्या हजारो प्रती जाळूनही एक प्रत शिल्लक राहिली आणि तेवढ्या एका प्रतीवरून ते पुस्तक पुन्हा छापता आले.